रुग्णाच्या स्वतःच्या पेशींवर आधारित उपचार आणि पेशींची गुणवत्ता तपासणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाजलेली त्वचा, गुडघ्याची कूर्चा, डोळ्याचे बुबुळ किंवा रक्त तयार करणारी अस्थिमज्जा रुग्णाच्याच पेशींच्या साहाय्याने पुन्हा उभी करण्याचे उपचार पुनर्जनन वैद्यकात मोडतात. मराठवाड्यातील रुग्ण अशा उपचारांसाठी बहुधा पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठतात, आणि ज्या प्रयोगशाळेत त्यांच्या पेशी वाढवल्या जातात ती त्यांच्या दृष्टीस कधीच पडत नाही. नांदेड, लातूर, बीड, परभणी या भागांतील रुग्ण आणि नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

पेशी रुग्णाच्याच असतील, तर एवढी तपासणी कशासाठी?

स्वतःच्या पेशी वापरल्याने एक मोठा धोका टळतो, तो म्हणजे शरीराने त्या परक्या समजून नाकारण्याचा. बाकीचे धोके मात्र जसेच्या तसे राहतात. शरीरातून काढलेला तुकडा किंवा रक्त प्रयोगशाळेत येते, त्यातून पेशी सुट्या केल्या जातात, त्यांना पोषक द्रवात ठेवले जाते, काही उपचारांत त्या कित्येक आठवडे वाढवल्या जातात, कधी गोठवून पुन्हा वितळवल्या जातात आणि मग रुग्णाला दिल्या जातात. या प्रवासात जंतू शिरू शकतात, पेशी मरू शकतात, त्यांचे गुणधर्म बदलू शकतात आणि दोन रुग्णांच्या पेशींची अदलाबदलही होऊ शकते.

अमेरिकेत फ्लोरिडातील एका दवाखान्यात २०१५ मध्ये तीन वृद्ध महिलांच्या चरबीतून काढलेल्या पेशी त्यांच्याच दोन्ही डोळ्यांत टोचण्यात आल्या. त्यानंतर तिघींचीही दृष्टी जवळजवळ गेली, आणि हे प्रकरण २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकातून जगासमोर आले. पेशी स्वतःच्या होत्या एवढ्याने त्यांचे रक्षण झाले नाही. ‘तुमच्याच पेशी आहेत, त्यामुळे काही होणार नाही’ असे कोणी सांगितले, तर ते वाक्य ऐकून निश्चिंत होऊ नये, उलट तेथूनच पुढचे प्रश्न विचारायला सुरुवात करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणखी एक अडचण या क्षेत्राच्या मुळाशीच आहे. औषध कारखान्यात गोळ्यांची एक बॅच लाखोंची असते, त्यामुळे त्यांतल्या काही गोळ्या फोडून तपासता येतात. येथे एका रुग्णाची एक बॅच असते. तपासणीला वापरलेल्या पेशी रुग्णाला देता येत नाहीत, म्हणून कमीत कमी नमुन्यात जास्तीत जास्त माहिती मिळवावी लागते, आणि एका रुग्णाची बॅच चांगली निघाली म्हणून दुसऱ्याची चांगली असेल असे गृहीत धरता येत नाही.

पेशी काढण्यापूर्वी रुग्णाच्या कोणत्या तपासण्या होतात?

एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि सिफिलिस या संसर्गांसाठी रक्त तपासले जाते. संसर्ग आढळला म्हणजे उपचार नाकारलाच जातो असे नाही, परंतु त्या पेशी वेगळ्या ठेवाव्या लागतात, जेणेकरून दुसऱ्या रुग्णाच्या पेशींना आणि काम करणाऱ्यांना धोका होणार नाही. मधुमेह, सुरू असलेली औषधे, विशेषतः स्टेरॉइड आणि केमोथेरपी, तंबाखूचे सेवन, अंगावरची जखम किंवा अलीकडचा ताप, हे सर्व डॉक्टरांना न लपवता सांगावे. वय आणि मधुमेह यांचा पेशींच्या वाढीवर परिणाम होतो, आणि केमोथेरपीचे बरेच फेरे झालेल्या रुग्णाकडून चांगल्या पेशी मिळवणे अवघड जाते.

परत दिलेल्या पेशी माझ्याच आहेत, याची खात्री कशी होते?

रुग्णाला सर्वाधिक भीती याचीच वाटते, आणि ती योग्यच आहे. पेशी काढल्या त्या क्षणापासून परत देईपर्यंत प्रत्येक पिशवी, प्रत्येक बाटली आणि प्रत्येक कागद एकाच क्रमांकाने जोडलेला असावा लागतो. बाटली एका हातातून दुसऱ्या हातात गेली की देणारा आणि घेणारा दोघेही वेळ लिहून सही करतात. कामाच्या कॅबिनेटमध्ये एका वेळी एकाच रुग्णाच्या पेशी उघडल्या जातात. त्या उचलून, जागा पुसून, शिल्लक साहित्य बाहेर काढल्याची नोंद झाल्याशिवाय दुसऱ्या रुग्णाची बाटली आत येत नाही.

आपल्या भागासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. आपल्याकडे एकाच गावात एकाच नावाच्या आणि आडनावाच्या दोन-तीन व्यक्ती सहज सापडतात, आणि शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून ही जन्मतारीख तर अनेकांच्या कागदोपत्री असते. त्यामुळे नाव आणि जन्मतारीख जुळली म्हणजे माणूस जुळला, असे मानणे धोक्याचे आहे. वडिलांचे किंवा पतीचे नाव, रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक आणि मनगटावरील पट्टीवरचा क्रमांक, हे तिन्ही पिशवीवरील लेबलशी मोठ्याने वाचून जुळवले जात आहेत का, हे नातेवाइकांनी स्वतः ऐकावे. शंका आल्यास जनुकीय ठशांची चाचणी करून रुग्णाचे रक्त आणि वाढवलेल्या पेशी एकाच व्यक्तीच्या आहेत की नाही, हे पडताळता येते.

व्यक्तीची ओळख पटली तरी पेशींच्या प्रकाराची ओळख पटवणे वेगळे राहते. उदाहरणार्थ, अस्थिमज्जेतून किंवा चरबीतून वाढवलेल्या मेसेनकायमल पेशींसाठी, म्हणजे हाड, कूर्चा किंवा चरबी बनवू शकणाऱ्या पेशींसाठी, २००६ मध्ये पेशी-उपचारांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने किमान निकष ठरवले. त्यानुसार सीडी ७३, सीडी ९० आणि सीडी १०५ ही पेशीच्या पृष्ठभागावरची ओळखचिन्हे किमान ९५ टक्के पेशींवर दिसली पाहिजेत, तर सीडी ४५ सारखी रक्तपेशींची चिन्हे २ टक्क्यांहून अधिक पेशींवर दिसता कामा नयेत. ही मोजणी फ्लो सायटोमीटर या यंत्रावर होते.

जिवंत पेशी किती आणि मेलेल्या किती, हे कसे मोजतात?

सर्वांत जुनी पद्धत आजही रोज वापरात आहे. पेशींच्या द्रवाच्या थेंबात ट्रिपॅन ब्लू नावाचा निळा रंग मिसळतात आणि तो बारीक चौकोन आखलेल्या काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. जिवंत पेशीचे आवरण शाबूत असल्याने रंग आत शिरत नाही, म्हणून ती गोल, चकचकीत आणि कडेला उजळ दिसते. मेलेल्या पेशीचे आवरण फाटलेले असल्याने ती गडद निळी होते. मोठ्या चौकोनातील पेशी मोजून त्या संख्येला दहा हजारांनी आणि द्रव जितका पातळ केला असेल त्या पटीने गुणले की एका मिलिलिटरमध्ये किती पेशी आहेत हे कळते. हे काम तीन ते पाच मिनिटांत उरकावे लागते, कारण रंग जास्त वेळ राहिला की चांगल्या पेशीही निळ्या होऊ लागतात आणि आकडा खोटा येतो.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पेशी-उपचारांसाठी सर्वसाधारणपणे ७० टक्के जिवंत पेशी ही किमान मर्यादा धरली आहे. पेशी गोठवलेल्या असतील, तर गोठवण्यापूर्वीचा आकडा पुरेसा नाही. वितळवल्यानंतरचा आकडा विचारावा. टक्क्याइतकीच महत्त्वाची एकूण संख्या असते. रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींच्या, म्हणजे ज्यांतून इतर पेशी तयार होतात अशा पेशींच्या, प्रत्यारोपणात रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे सीडी ३४ हे चिन्ह असलेल्या किमान २० लाख पेशी हव्यात, असे सामान्यतः मानले जाते. त्याहून कमी मिळाल्या, तर रक्तपेशी पुन्हा तयार होण्यास उशीर लागू शकतो.

जिवंत पेशी भरपूर आहेत, म्हणजे काम झाले का?

नाही. पेशींच्या गुणवत्तेतील सर्वांत अवघड भाग येथूनच सुरू होतो. घरचे सोयाबीन बियाणे म्हणून वापरायचे ठरवले की आपला शेतकरी दाणा भरलेला आणि टपोरा आहे एवढे पाहून पेरत नाही. तो शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किमान सत्तर उगवले तरच ते बियाणे पेरणीला घेतो. पेशींच्या बाबतीत ट्रिपॅन ब्लूने दाणा शाबूत आहे एवढेच कळते. तो उगवेल का, म्हणजे कूर्चेची पेशी कूर्चा बनवेल का आणि त्वचेची पेशी त्वचा धरेल का, यासाठी वेगळी चाचणी लागते. तिला कार्यक्षमतेची चाचणी म्हणतात.

या चाचणीला किती महत्त्व आहे हे डोळ्याच्या उपचारातून दिसते. बुबुळाच्या कडेला असलेल्या मूलपेशी चुना किंवा रसायन गेल्याने जळाल्या, तर दुसऱ्या चांगल्या डोळ्यातील छोटा तुकडा घेऊन पेशी वाढवून लावता येतात. तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटून लहान मुलाच्या डोळ्यात चुना जाणे आपल्याकडे अपरिचित नाही, म्हणून हे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. इटलीतील डॉक्टरांनी अशा ११२ रुग्णांचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध केले. वाढवलेल्या पेशींमध्ये पी ६३ हे प्रथिन ठळकपणे दाखवणाऱ्या खऱ्या मूलपेशींचे प्रमाण ३ टक्क्यांहून अधिक होते, तेथे ७८ टक्के रुग्णांत प्रत्यारोपण यशस्वी झाले. प्रमाण ३ टक्के किंवा त्याहून कमी होते, तेथे यश केवळ ११ टक्के रुग्णांत मिळाले. दोन्हीकडे पेशी जिवंत होत्या आणि थर भरून वाढलेही होते. फरक होता तो आतल्या मूठभर मूलपेशींचा.

म्हणून ‘तुम्हाला इतके कोटी पेशी देतो’ या आश्वासनाला आम्ही फारसे महत्त्व देत नाही. त्या पेशी त्यांचे ठरलेले काम करतात हे कोणत्या चाचणीने पाहिले, हा प्रश्न त्याहून मोलाचा आहे.

जाता जाता एक नोंद : हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतील डॉक्टरांनी २०१२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत चांगल्या डोळ्यातील बारीक पट्टीचे तुकडे थेट जखमी डोळ्यावर चिकटवले जातात आणि पेशी तेथेच वाढतात. त्या पद्धतीत प्रयोगशाळेतील वाढ नसल्यामुळे येथे वर्णन केलेल्या बहुतेक चाचण्यांचा प्रश्न येत नाही.

निर्जंतुकतेच्या चाचणीला १४ दिवस लागतात असे ऐकले. मग पेशी लगेच कशा देतात?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचे आम्हाला मनापासून कौतुक वाटते, कारण यातच या क्षेत्राची खरी ओढाताण आहे. औषधकोशातील, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथातील, पद्धतीनुसार नमुना दोन प्रकारच्या पोषक द्रवांत घालून, एक ३० ते ३५ अंश सेल्सियसला आणि दुसरा २० ते २५ अंशांना, १४ दिवस ठेवतात. द्रव गढूळ झाला तर जंतू आहेत असे समजते. परंतु न गोठवलेल्या ताज्या पेशी काही तासांत किंवा फार तर दोन-तीन दिवसांत वापराव्या लागतात. चौदाव्या दिवसाची वाट पाहिली, तर अहवाल स्वच्छ येईल आणि पेशी मेलेल्या असतील.

यावर मार्ग असा काढला जातो की पेशी देण्याच्या दोन-तीन दिवस आधी वाढीच्या द्रवाचा नमुना चाचणीला लावतात आणि देण्याच्या दिवशी त्यात काही वाढलेले नाही ना, हे पाहतात. त्याच दिवशी अंतिम पेशींची ग्रॅम रंजन चाचणी करून, म्हणजे नमुना रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली, जंतू थेट दिसतात का ते तपासतात. अंतिम नमुना मात्र पूर्ण मुदतीसाठी ठेवला जातोच. रक्ताच्या कल्चरसाठी रुग्णालयांत असतात तशी स्वयंचलित यंत्रे आता यासाठीही वापरली जातात. ती जंतूंच्या वाढीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड ओळखतात आणि बऱ्याचदा निकाल लवकर देतात.

याचा अर्थ असा, की पेशी दिल्यानंतरही अहवाल ‘चाचणी सुरू आहे’ या अवस्थेत असू शकतो. यात गैर काही नाही, पण हे रुग्णाला आधी सांगितलेले असले पाहिजे, आणि नंतर जंतू आढळले तर कोण, कोणाला, किती वेळात कळवणार आणि कोणते प्रतिजैविक सुरू होणार, हे आधीच लिहून ठरलेले असले पाहिजे. रुग्ण डिस्चार्ज घेऊन औंढा किंवा भूमच्या एखाद्या गावी परतला असेल आणि कागदावर दिलेला फोन नंबर शेजारच्याचा असेल, तर ही सगळी व्यवस्था कोलमडते. म्हणून घरातील दोन व्यक्तींचे चालू नंबर द्यावेत.

मायकोप्लाझ्मा ही चाचणी वेगळी का करतात?

मायकोप्लाझ्मा हे पेशीभित्ती नसलेले अतिसूक्ष्म जिवाणू आहेत. ते नेहमीच्या गाळणीतून पार होऊ शकतात, द्रव गढूळ करत नाहीत, आणि पेनिसिलिन पेशीभित्तीवर काम करत असल्याने त्याचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. बाटली स्वच्छ दिसते, पेशी मात्र आतून खंगत जातात. काम करणाऱ्याच्या घशातून किंवा पोषक द्रवात वापरलेल्या गुरांच्या सीरममधून ते येऊ शकतात. पारंपरिक कल्चरला २८ दिवस लागतात. जंतूंचे जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या पीसीआर चाचणीने काही तासांत कळते.

एंडोटॉक्सिन म्हणजे काय?

काही जिवाणूंच्या भित्तीतील विषारी अंश. जिवाणू मेले तरी हा अंश उरतो आणि उकळूनही जात नाही, म्हणून ‘जंतू आढळले नाहीत’ या अहवालाने तो नसल्याची खात्री होत नाही. रक्तात गेल्यास थंडी वाजून ताप येतो आणि रक्तदाब घसरू शकतो. शिरेतून द्यायच्या औषधासाठी वजनाच्या दर किलोमागे, दर तासाला ५ एकक ही कमाल मर्यादा आहे.

वाढवताना पेशी बिघडून गाठ होऊ शकते का?

पेशी जितक्या वेळा विभागतात, तितकी जनुकांत चूक होण्याची शक्यता वाढते. म्हणून एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत किती वेळा वाढवायचे याची मर्यादा ठरलेली असते, आणि दीर्घकाळ वाढवलेल्या पेशींची गुणसूत्रे तपासली जातात. त्वचेच्या किंवा कूर्चेच्या पेशींत हा धोका कमी असतो. त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींना मूळ, अपरिपक्व अवस्थेत मागे नेऊन बनवलेल्या आयपीएस पेशींत तो जास्त असतो, कारण त्यांतील एखादी पेशी अपरिपक्व राहिली तर तिच्यापासून गाठ तयार होऊ शकते.

जपानमध्ये कोबे येथे सप्टेंबर २०१४ मध्ये एका वृद्ध महिलेच्या डोळ्यात तिच्याच आयपीएस पेशींपासून बनवलेला थर जगात प्रथमच बसवण्यात आला. दुसऱ्या रुग्णासाठीही पेशी तयार झाल्या होत्या. परंतु त्यांच्या तपासणीत जनुकीय बदल आढळले, आणि हे काम करणाऱ्या नेत्रतज्ज्ञ मासायो ताकाहाशी यांच्या चमूने ते प्रत्यारोपण केले नाही. ते बदल घातक ठरलेच असते असे कोणी म्हटले नव्हते. सारे जग पाहत असतानाही तयार थर बाजूला ठेवण्याचा तो निर्णय आम्हाला पहिल्या शस्त्रक्रियेइतकाच मोठा वाटतो.

प्रयोगशाळा दूर आहे आणि आपल्याकडे उन्हाळा कडक असतो. प्रवासात पेशी टिकतात का?

योग्य पेटीत टिकतात. ताज्या पेशी सामान्यतः २ ते ८ अंशांच्या पेटीतून येतात, जरी काही उत्पादनांना वेगळे तापमान सांगितलेले असते. गोठवलेल्या पेशी द्रव नायट्रोजन शोषून घेतलेल्या विशेष पात्रातून उणे १५० अंशांच्या खाली ठेवून नेल्या जातात. पेटीत तापमान नोंदवणारे छोटे यंत्र असते. पेटी उघडल्यावर सर्वप्रथम तेच बाहेर काढून संगणकाला जोडतात आणि संपूर्ण प्रवासाचा आलेख पाहतात : गाडी कुठे थांबली, ऊन कधी लागले, हे रेघ वर गेल्यावर कळते. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर पारा ४२ अंशांवर असताना पेटी बंद गाडीत ठेवून चालक जेवायला थांबला, तर त्याची खूण त्या आलेखात राहते. आलेख मर्यादेबाहेर गेला असेल, तर ‘हाताला थंड लागते’ हे उत्तर चालत नाही.

रुग्णाच्या नातेवाइकांनी एसटीने किंवा रेल्वेने थर्मासमधून पेशी न्याव्यात असे कोणी सुचवले, तर नकार द्यावा.

तपासणीत पेशी नापास झाल्या तर पुढे काय?

बहुतेक वेळा पुन्हा नमुना घेऊन पेशी वाढवतात. परंतु रुग्णाची प्रकृती तेवढा वेळ देत नसेल, आणि त्रुटी जंतुसंसर्गाची नसून, समजा, संख्या थोडी कमी भरल्याची असेल, तर उपचार करणारे डॉक्टर धोका आणि लाभ तोलून त्या पेशी देण्याचा विचार करू शकतात. तसे करताना रुग्णाला नेमकी त्रुटी समजावून लेखी संमती घ्यावी लागते. नापास बॅचचा खर्च कोणी सोसायचा, हे मात्र उपचार सुरू होण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्यावे. उसतोडीची उचल किंवा शेतीवरचे कर्ज घेऊन आलेल्या कुटुंबाला हा खर्च दुसऱ्यांदा पेलणारा नसतो.

काही दवाखान्यांत पेशी काढून तासाभरात परत टोचतात. तेथे या चाचण्या होतात का?

तासाभरात यांपैकी फार तर पेशींची मोजणी आणि जिवंतपणाची चाचणी होऊ शकते. निर्जंतुकतेचा अंतिम निकाल तेवढ्यात येऊच शकत नाही. गुडघ्यात टोचली जाणारी पीआरपी ही रक्तातील प्लेटलेट्स असतात, मूलपेशी नव्हेत. दोन्ही एकच असल्याचे सांगून पैसे घेतले जात असतील, तर तेथून निघावे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या आजारांसाठीचे प्रस्थापित प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचे इतर उपयोग हे संशोधन मानले जातात आणि ते मंजूर चाचणीतच करता येतात. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनी मोठ्या प्रमाणावर प्रक्रिया केलेल्या मूलपेशींच्या उत्पादनांना नवीन औषधांत धरले आहे, म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते. चाचणी असल्यास भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदवहीतील तिचा क्रमांक मागावा.

अहवाल मागण्याचा हक्क आहे का, आणि त्यात काय पाहावे?

मागावा, आणि संकोच करू नये. बॅच क्रमांक, रुग्णाचा क्रमांक, पेशींची एकूण संख्या, जिवंतपणाची टक्केवारी, ओळख, निर्जंतुकता, मायकोप्लाझ्मा, एंडोटॉक्सिन आणि कार्यक्षमता, या प्रत्येकापुढे दोन रकाने असतात : मर्यादा किती आणि निकाल किती. फक्त ‘पास’ लिहिलेले असेल, तर आकडा मागावा. अहवाल इंग्रजीत असतो. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईला, लातूरला किंवा नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील सूक्ष्मजीवशास्त्र किंवा विकृतिशास्त्र विभागातील डॉक्टरांना तो दाखवून समजून घेता येतो.

घरी परतल्यावर ताप आला तर?

वाट पाहू नये. जवळच्या रुग्णालयात जाऊन पेशी-उपचार झाल्याची तारीख आणि बॅच क्रमांक सांगावा, प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी रक्ताचे कल्चर घ्यायला सांगावे आणि त्याच वेळी उपचार केलेल्या केंद्राला फोन करावा. प्रयोगशाळेने त्या बॅचचा नमुना राखून ठेवलेला असल्यास रक्तात सापडलेला जंतू त्याच्याशी ताडून पाहता येतो. त्यासाठी बॅच क्रमांकाचा कागद आधारकार्डासोबत पिशवीत ठेवावा आणि त्याचा फोटो घरातील आणखी एकाच्या मोबाइलमध्ये असावा.